ते असले की मी

वजीरचा वस्तरा हनुवटीखाली आला आणि नेमकं त्याच वेळी रेडिओवरच्या बाईंनी अण्णासाहेब गेल्याचं सांगितलं. पहाटे, मुंबईत, दीर्घ आजारानं. हरिहरराव कडूसकर हलले नाहीत. माणूस म्हातारा होता, महिनाभर दवाखान्यात होता, त्यात हलण्यासारखं काही नव्हतं. बाई पुढं वाचत राहिल्या. राज्याचे अर्थमंत्री म्हणून प्रदीर्घ सेवा, अमुक धरण, तमुक योजना, आणि बैलगाडीच्या टायरांवरील विक्रीकर रद्द करून शेतकऱ्यांना त्यांनी दिलासा दिला. इथं मात्र हरिहरराव हलले. "अहो साहेब!" वजीर ओरडला आणि तुरटी घ्यायला धावला. जखम काही मोठी नव्हती, पण रक्त फेसातून उतरून पंच्यावर पडलं, आणि पलीकडच्या खुर्चीवरचा कामगार पेपर खाली करून बघायला लागला.

"तुमच्याच खात्याचे ना हे? मोठे साहेब?" तुरटी दाबत वजीरनं विचारलं.

"हो."

"मग तुम्ही कोण होता वो तिथं?"

"उपमंत्री. अर्थ खात्याचा."

"म्हणजे ते नसले की तुम्ही."

"नाही रे. ते नसले की दुसरा कुणीतरी मोठा. ते असले की मी."

वजीरनं वस्तरा पंच्याला पुसला, मग "मोठ्यांचं मोठंच काहीतरी असतंय" असं म्हणून त्यानं दुसरा गाल करायला घेतला. त्याला कळलं नाही यात त्याचा दोष नव्हता. अरुंधतीबाईंनाही, म्हणजे हरिहररावांच्या बायकोलाही, ते सुरुवातीला कळलं नव्हतं, आणि त्या तर शाळेत गणित शिकवायच्या. चिंचवड स्टेशनच्या रस्त्यानं घरी येताना हरिहरराव मनातल्या मनात वजीरला समजावू लागले. पहिल्या शिफ्टचा भोंगा होऊन गेला होता, उशीर झालेले दोघं-चौघं सायकली हाणत होते, हनुवटी चुरचुरत होती. हे बघ वजीर, अर्थसंकल्पाचा दिवस असतो. सभागृहं दोन आणि भाषण एक. ते एकाच वेळी दोन्हीकडे वाचायचं. विधानसभेत अर्थमंत्री, विधान परिषदेत उपमंत्री. परिषदेला म्हणतात वरचं सभागृह, म्हणजे वरच्या सभागृहात खालचा मंत्री, अशी ती गंमत. अण्णासाहेब तिकडं 'अध्यक्ष महोदय' म्हणाले की इकडं मी 'सभापती महोदय' म्हणायचं. तेवढा शब्द निराळा, बाकी स्वल्पविरामासकट तेच. आणि त्यात जागोजाग 'मी'. मी गतवर्षी या सभागृहास सांगितले होते. मी काटकसरीचे धोरण अवलंबिले. मला सांगण्यास आनंद होतो. हरिहररावांनी काही सांगितलेलं नव्हतं, काही अवलंबिलेलं नव्हतं, आणि आपल्याला आनंद कशाचा झाला हे त्यांना त्याच दिवशी सकाळी सीलबंद पाकीट फोडल्यावर कळायचं. पण वाचायचे झकास. कोर्टात घडलेला आवाज, खणखणीत, एक अक्षर खाली पडणार नाही. आणि तिथंच तर पंचाईत होती.

पंचाईत अशी, की भाषणाचे असायचे दोन भाग. पहिल्यात दुष्काळ, रस्ते, धरणं, दुसऱ्यात कर. आणि कर आधी जाहीर व्हायचे ते विधानसभेत. परिषदेतल्या उपमंत्र्यानं ते आधी वाचून टाकले तर हक्कभंग, बोंबाबोंब, राजीनामा, काय वाटेल ते होऊ शकतं, असं खात्यातल्या अवर सचिवांनी पहिल्याच वर्षी त्यांना बजावलं होतं. "साहेब, आपण जरा मागे राहा." आता विधानसभेत विरोधक बाकं बडवतात, हरकती घेतात, मंत्री थांबतो, खाकरतो, पुन्हा सुरू करतो. परिषदेत वडीलधारी मंडळी पंख्याखाली डुलक्या घेत बसलेली, तिथं वाचन भराभर पुढं पळायचं. म्हणून मग एक शिपाई दोन्हीकडं ये-जा करायचा आणि हळूच चिठ्ठी आणून द्यायचा. 'साहेब अजून धरणावरच आहेत. पाणी प्यावे.' हरिहरराव पाणी प्यायचे. चष्मा पुसायचे. सापडलेलं पान हरवल्यासारखं करायचे. पुन्हा चिठ्ठी, पुन्हा पाणी. आपल्याला येतं ते आपण नीट करायचं नाही, एवढंच ते काम होतं, आणि ते त्यांनी फार नीट केलं. पुढं पुढं ते अंगातच मुरलं. पंगतीत शेजारच्यानं घास उचलल्याशिवाय त्यांचा हात ताटाकडं जाईना. फोन उचलला तरी पलीकडचा बोलेपर्यंत गप्प. भाजी कोणती करू म्हणून विचारलं तर "बघू, काय काय आहे?" अरुंधतीबाई म्हणायच्या, मंत्री गेले, उप तेवढे आमच्या घरी राहिले. हे त्या चारचौघांत म्हणायच्या, आणि हरिहरराव चारचौघांबरोबर हसायचे.

दारातच अरुंधतीबाईंनी हनुवटी बघितली. "हे काय?"

"अण्णासाहेब गेले."

"ऐकलं मी. म्हणून तुम्ही गळा कापून घेतला?" त्या वह्यांचा गठ्ठा पिशवीत घालत होत्या. "चाकणहून बाजार समितीच्या ज्योतीराम सभापतींचा फोन होता. संध्याकाळी मार्केट यार्डात शोकसभा आहे. जीप पाठवतायत. मुख्य भाषण तुमचं."

"रेडिओवर काय सांगितलं, ऐकलंस? टायरचा कर त्यांनी काढला म्हणे."

अरुंधतीबाई थांबल्या. ही एक गोष्ट हरिहररावांखेरीज फक्त त्यांनाच ठाऊक होती. "म्हणू दे," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. मग म्हणाल्या, "नाहीतर सांगा की तुम्ही. आज माइक तुमच्याच हातात आहे."

"शोकसभेत?"

"मग कुठं सांगणार? तुमच्या शोकसभेत?"

त्या शाळेला निघून गेल्या. हरिहरराव बाहेरच्या खोलीत बसून राहिले. पक्षकार कुणी यायचे नव्हते. तसेही अलीकडं कमीच येत. पिंपरीच्या कोर्टात तरुण वकील खूप झाले होते आणि कामगारांना युनियनचेच वकील मिळत. वय साठीला टेकलेलं. मेल्यावर आपल्याबद्दल रेडिओवर काय सांगतील याचा त्यांनी विचार करून बघितला. माजी अर्थ उपमंत्री. पुढं? पुढं काहीच सुचेना. एक वाक्य होतं तेवढं. तेही आज सकाळी दुसऱ्याबरोबर गेलं. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली, कारण मेलेल्या माणसाकडून एक वाक्य परत मागायचं म्हणजे कोतेपणाच की. पण लाज वाटली म्हणून ते मागणं कमी होईना. जेवण होईपर्यंत ते वाढतच गेलं, आणि जीप आली तेव्हा त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. आज सांगायचं.

जीप भोसरीवरून निघाली. दोन्ही बाजूंना शेडच शेड, पत्र्याची छपरं, फाटकाबाहेर दुसऱ्या शिफ्टच्या माणसांची चहाला गर्दी. हरिहरराव आमदार झाले तेव्हा इथं ज्वारी होती. मोशी गेली, इंद्रायणी ओलांडली, आणि चाकणहून रिकाम्या परतणाऱ्या कांद्याच्या बैलगाड्या समोरून यायला लागल्या. टायरगाड्या. खडखडाट नाही, बैल मान टाकून चाललेले, गाडीवान मागं आडवा झोपलेला. ते एकेक गाडी निरखून बघत होते. ते उपमंत्री असताना एका बाजारच्या दिवशी मीरासाहेबाच्या दुकानापुढं अशाच गाड्या उभ्या होत्या. मीरासाहेब म्हणजे नाशिक रस्त्यावरचा टायरवाला, मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, हरिहररावांचा अगदी पहिल्या खटल्यापासूनचा पक्षकार आणि पुढं दोस्त. शेजारच्याच गाळ्यात त्याचा धाकटा भाऊ कादर टायर बसवून द्यायचा. "वकीलसाहेब," मीरासाहेब म्हणाला होता, "लाकडी चाक काढून टायर घातलं की बैलाच्या मानंवरचं ओझं निम्मं व्हतं बघा. आन तुमचं सरकार त्याच्यावर कर लावतंय. बैलाला मत न्हाई म्हनून व्हय?" हरिहररावांना ते एकदम पटलं. मुंबईला गेल्यावर गाडीत शेजारी बसलेल्या अण्णासाहेबांना त्यांनी धीर करून सांगितलं. अण्णासाहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लिहून द्या." संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी लिहिलं. दिलं. हो नाही, ना नाही, काही उत्तर आलं नाही. आणि अर्थसंकल्पाच्या दिवशी पाकीट फोडलं तर दुसऱ्या भागात, विजेच्या मोटारी आणि साबण यांच्यामध्ये, ते वाक्य जसंच्या तसं छापलेलं. हरिहररावांनी दार लावून घेतलं आणि ते मोठ्यानं वाचलं. मग अरुंधतीबाईंना बोलावून पुन्हा वाचलं.

आणि त्या दिवशीची खरी गंमत तर पुढंच होती. विधानसभेत असा काही गोंधळ माजला, दुष्काळावरून, की अण्णासाहेबांनी पहिला भाग कसाबसा संपवला आणि उरलेलं भाषण पटलावर ठेवून दिलं. पटलावर ठेवलं म्हणजे वाचलं असं धरायचं. इकडं शिपाई चिठ्ठी घेऊन आला, 'साहेबांनी संपवले. आपण वाचून टाकावे.' पाणी नको, चष्मा पुसणं नको. दुसरा भाग त्या वर्षी त्या इमारतीत एकाच माणसाच्या तोंडून उमटला. हरिहररावांचा आवाज मोकळा सुटला. "बैलगाडीचे टायर विक्रीकरातून पूर्णपणे मुक्त करण्याचे मी योजिले आहे." त्यातला 'मी' म्हणताना त्यांच्या अंगावर काटा आला, कारण तो खरा होता. कुठल्याशा कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या सदस्यानं जागं होऊन बाक वाजवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत ते आलं, अण्णासाहेबांची घोषणा म्हणून. अण्णासाहेब स्वतः त्याबद्दल कधी एका शब्दानं बोलले नाहीत, ना तुमचं म्हणाले ना माझं. वर्षभरात निवडणूक लागली, हरिहरराव पडले, आणि चाकण सोडून चिंचवडला वकिली करायला येऊन राहिले. मीरासाहेब अधूनमधून मालाच्या खरेदीला आला की डोकावायचा, चहा प्यायचा आणि अण्णासाहेबांना शिव्या घालायचा. "तुमचा त्यो अण्णासाहेब, त्याच्या आयला त्याच्या!" कशाबद्दल ते हरिहररावांनी कधी विचारलं नाही. सरकारला शिव्या घालायला चाकणमध्ये कारण लागत नाही. खरं सांगायचं तर त्यांना त्या शिव्या गोडच लागायच्या, आणि ते अरुंधतीबाईंना हाक मारून आणखी एक चहा सांगायचे.

मार्केट यार्डात कांद्याच्या ढिगांच्या मध्ये जागा करून सतरंज्या अंथरल्या होत्या. टेबलावर अण्णासाहेबांचा हार घातलेला फोटो. उन्हं उतरत होती. ज्योतीराम सभापती पुढं आले आणि त्यांनी हरिहररावांच्या हातात कागद ठेवला. "चार शब्द लिहून ठेवलेत साहेब. तुम्हाला त्रास नको." हरिहररावांनी बघितलं, 'मी अण्णासाहेबांच्या पायाशी बसून राज्यकारभार शिकलो.' त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. मग ठराव झाला. त्यातही धरण आलं, योजना आल्या, टायरचा कर आला. "शेतकऱ्यांच्या मुक्या जनावरांवर ज्यांनी दया केली," ज्योतीराम वाचत होते. पुढच्या रांगेत मीरासाहेब मांडी घालून बसला होता. त्याची दाढी आता पांढरी झाली होती. तो ठराव ऐकत नव्हता, फोटोकडं बघत होता.

"सभापती महोदय," हरिहरराव माइकपुढं येऊन म्हणाले, आणि ते बरोबरच झालं, कारण बाजार समितीलाही सभापतीच असतो. मग सवयीनं ते थांबले. पण आता कुणाची वाट बघायची नव्हती. "अण्णासाहेब फार मोठे होते. त्यांनी केलेल्या गोष्टी इतक्या आहेत, की त्यातली एक मी परत घेतली तरी त्यांचं काही कमी होणार नाही. टायरचा कर त्यांनी काढला नाही. तो मी काढला. वाक्य मी लिहिलं, सभागृहात वाचलंही मीच. आजवर कुठं बोललो नाही. त्यांना त्याची गरज नव्हती. मला आहे, म्हणून सांगतो."

सतरंजीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. ज्योतीरामांनी घड्याळाकडं बघितलं. हरिहररावांना आत कसं हलकं वाटत होतं, पोटभर श्वास घेतल्यासारखं. तेवढ्यात मीरासाहेब गुडघ्यावर हात टेकून उठला.

"वकीलसाहेब, खरं बोलताय? तुमी ल्हिलं ते?"

"मीच लिहिलं, मीरासाहेब."

"समदं? दुसऱ्या कुनी हात न्हाई लावला?"

"शब्दन् शब्द माझा."

हा माणूस आता आपले आभार मानणार, सगळ्यांसमोर, आणि आपल्याला ते सोसायचं नाही, असं हरिहररावांना वाटलं.

"मंग सांगा मला," मीरासाहेब म्हणाला, "बैलगाडीचं टायर म्हंजे कंचं?"

हरिहररावांना प्रश्नच कळला नाही.

"गाडीसाठी म्हनून केलेलं कोरं टायर चाकनात कोन घेत व्हतं? एखादा बागाइतदार. बाकी समद्यास्नी आमी जीपचं, ट्रकचं जुनं टायर घालून द्यायचो. तुमचा कायदा आला, आन मागनं विक्रीकराचा साहेब आला. म्हनला, ह्ये जीपचं टायर हाय, बैलगाडीचं न्हाई, माफी न्हाई. कर कागदावर व्हता, पन त्याच्या आधी आमाला कुनी इचारत सुदिक नव्हतं हो. कायदा झाला आन मानसं दुकानात शिरली. ह्याचा कर भर, त्याचा भर, मागला भर. कादरनं गाळा मोडला. कुवेतला गेला. आई गेली तवा त्याला येता आलं न्हाई. मी दिली माती, एकट्यानं."

"मीराभाई, बसा," ज्योतीराम म्हणाले. "शोकसभा आहे ही."

हरिहररावांना जेवणाचं टेबल दिसत होतं. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं होतं, 'बैलगाडीस बसविलेले नवे वा जुने, कोणत्याही जातीचे टायर'. मग सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचून बघितलं. जीभ अडखळली. 'बसविलेले'पाशी लय तुटत होती. म्हणून त्यांनी खोडलं आणि सुटसुटीत केलं, बैलगाडीचे टायर. वाचायला छान वाटलं. तेवढ्यासाठीच खोडलं, दुसऱ्या कशासाठीही नाही.

"इतकी वर्सं मी त्या मानसाला शिव्या घातल्या," मीरासाहेबानं फोटोकडं हात केला. "तुमच्या दारात बसून. तुमचा च्या पिऊन. आन आज त्यो मेला."

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. अंमलबजावणी खात्याची, अर्थ लावला तो अधिकाऱ्यानं, मंत्रिमंडळाची जबाबदारी सामूहिक असते. हे शेवटचं तर त्यांनी परिषदेत कितीदा तरी वाचलं होतं. आणि ज्या माणसाच्या नावावर सकाळपर्यंत हे सगळं होतं, तो समोर हार घालून बसला होता. नुसतं गप्प राहिलं असतं तरी ते त्याच्याकडं परत गेलं असतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हरिहररावांना उप असण्याचं सुख काय होतं ते कळलं.

"मीरासाहेब," ते म्हणाले, "त्या शिव्या माझ्या आहेत. मला द्या."

"तुमाला?"

"हो, मला."

मीरासाहेब सतरंजी ओलांडून पुढं आला, टेबलापाशी. जवळून बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. मग अगदी हळू, दोघांतच राहावं अशा बेतानं तो म्हणाला, "तुमच्या आयला, वकीलसाहेब." पण माइक चालू होता. कर्ण्यातून ते सगळ्या यार्डात गेलं, ढिगांवरून पार फाटकाबाहेरच्या गाड्यांपर्यंत. कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

"हो," हरिहरराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

ज्योतीरामांनी घाईघाईनं माइक ओढून घेतला आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे कपडे झटकत उठले, माना खाली घातल्या. हे दोघं तर उभेच होते, समोरासमोर, आणि त्यांनी माना खाली घातल्या नाहीत.